सत्तेचाळीस नंबरचा पत्ता

मी फायरवॉल बोलतोय. नावात भिंत असली तरी माझं काम दाराचं, आणि दारात बसलेला पहारेकरी म्हणालात तर मला जास्त आवडेल. दिसायला मी काही खास नाही. चार बोटं उंच, हातभर रुंद, करडी लोखंडी पेटी. पुढे सहा तारा लावायची भोकं, मागे दोन पंखे, त्यातला डावा घरघरतो. खोलीत येणारा प्रत्येक जण तो पंखा ऐकतो, "हा अजून चालतोय का?" असं विचारतो आणि निघून जातो.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारखी चारशे भावंडं पट्ट्यावरून सरकली, त्यातली बाकीची कुठे गेली देव जाणे. मी जहाजातून जर्मनीला आलो आणि बाल्टिक समुद्राकाठच्या एका मत्स्य-संशोधन संस्थेत पोचलो. विटांची तीन मजली इमारत, समोर धक्का, धक्क्याला बांधलेली संस्थेची जुनी बोट आणि आत साठेक माणसं. हेरिंग मासे का कमी होताहेत हे शोधणं हे त्यांचं काम, आणि सरकार पैसे का कमी देतंय यावर कॉफी पीत बोलणं हा त्यांचा छंद.

मला खोक्यातून बाहेर काढलं इल्का देटमानने. संस्थेतले सगळे संगणक, सगळ्या तारा आणि त्यांच्या सगळ्या तक्रारी या एकट्या बाईच्या गळ्यात. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. कारखान्यातून निघाल्यापासून मला कुणी तसं पुसलं नव्हतं.

मला आणून देणाऱ्या दुकानाचा माणूस तेव्हा शेजारी उभा होता. इल्का मला नियम शिकवत होती आणि तो तिच्या खांद्यावरून बघत होता.

"बाई, पत्ते बदलायचं राहिलं की."

"राहिलं नाही. बदलायचेच नाहीत."

"अहो, सगळे बदलतात!"

"सगळ्यांकडे पत्ते कमी असतात. आमच्याकडे अडीचशे आहेत."

हे जरा समजावून सांगतो, कारण माझा सगळा स्वभाव यातच आला. माझ्या जातीतले बहुतेक जण घरातून, म्हणजे आतल्या संगणकांतून, बाहेर इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतात आणि त्या जागी स्वतःचा लिहितात. उत्तर आलं की आपल्या टिपणात बघून ज्याचं त्याला नेऊन देतात. बाहेरच्या जगाला आत कोण कोण राहतं ते कळतच नाही, सगळं घर एकाच नावानं बोलतं. मी तसं करत नाही. आमच्या संस्थेला पत्ते मिळाले ते बर्लिनची भिंत पडल्यावर दोन वर्षांनी, तेव्हा ते मागेल त्याला मिळत. त्यामुळे इथल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर होता, आणि तोच नंबर घेऊन ते जगात जायचं. मी फक्त विचारायचो, कोण तू, कुठे निघालास, परवानगी आहे का? असेल तर जा, पण स्वतःच्या नावानं जा.

मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी मात्र तोंडावर आपटलो. आतली पत्रं माझ्यातून भराभर बाहेर जात होती आणि उत्तर एकाचंही येत नव्हतं. साठ माणसं हातावर हात ठेवून बसली. इल्काने विद्यापीठाच्या संगणक केंद्रात फोन लावला, कारण आमचा रस्ता पुढे त्यांच्या राउटरमधून जातो.

"आमचं जातंय, परत येत नाही."

पलीकडच्या माणसाचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. "तुमचा नवीन डबा पत्ते बदलत नाही ना? मग आमच्या राउटरला कळायला हवं की तुमची माणसं आता त्या डब्याच्या मागे राहतात. त्याला वाटतंय तुम्ही अजून जुन्याच जागी आहात."

"मग सांगा ना त्याला!"

"सांगतो की. अर्ज पाठवा. सही आणि शिक्का लागेल."

अर्ज गेला, शिक्का बसला, दोन दिवसांनी उत्तरं परत येऊ लागली. नावानिशी जगायचं तर मागे कुठे राहतो तेही सांगून ठेवावं लागतं, हे मी तेव्हा शिकलो.

माझी खोली पहिल्या मजल्यावर, आणि तिच्या शेजारी मीटिंगची खोली. त्याच खोलीच्या कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आणि सिंक. मधली भिंत प्लायची, त्यामुळे संस्थेत माझ्यापासून काही लपून राहत नव्हतं. शिवाय माझी खोली कायम गार. ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना केक खिलवायचा ही इकडची रीत, आणि क्रीमचे केक अकरा वाजेपर्यंत माझ्या डोक्यावर ठेवलेले असायचे. इल्का चिडायची. "पंख्यात क्रीम गेलं तर मी कुणाला विचारू?" पण तिचा स्वतःचा केकही तिथेच असायचा.

कॉफीच्या कपाटात प्रत्येकाचा मग ठरलेला. दुसऱ्याच्या मगाला हात लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. नंबरांचंही तसंच होतं. इल्काकडे एक वही होती, तिच्यात बारीक अक्षरात कुणाचा कोणता नंबर ते लिहिलेलं. इल्काचा स्वतःचा बारा. प्राध्यापक क्लासेन यांचा दोन, ते संचालक म्हणून. आणि सत्तेचाळीस नंबर हार्टमुट ग्लाड्रोचा.

ग्लाड्रोबद्दल सांगायलाच हवं. माशांच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, वर्षाला एक. ग्लाड्रो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती मोजायचा आणि मासा किती वर्षांचा ते सांगायचा. पस्तीस वर्षं हेच काम. थोराड अंगाचा, गुडघ्यांनी थकलेला, बोलण्यात तिखट. शुक्रवारी घरून धुरावलेली हेरिंग आणायचा आणि पहिला तुकडा इल्काला द्यायचा. दोघं एकोणीस वर्षांचे सोबती, अरेतुरेतले.

हाच ग्लाड्रो कर्मचारी मंडळाचा अध्यक्ष होता. आमच्याकडे माणसांवर लक्ष ठेवू शकेल असं कोणतंही यंत्र लावायचं तर मंडळाची संमती लागते. मी आल्यावर महिन्याभरात बैठक झाली. प्रश्न एकच, दारातून कोण कधी गेलं याच्या नोंदी मी किती दिवस ठेवायच्या?

"नव्वद दिवस," इल्का म्हणाली. "काही झालं तर शोधता येईल."

"सात," ग्लाड्रो म्हणाला.

"अरे, सात दिवसांत काय होतंय? तक्रार यायलाच आठवडा लागतो."

"इल्का, मी ब्याण्णव साली बाबांची फाईल वाचली. चारशे पानं. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या माणसाने काय काय लिहिलं होतं माहितीय? बुधवारी दोन पाव घेतले, एरवी एक घेतो. म्हणजे घरी पाहुणा असणार. अगं, तो जास्तीचा पाव माझ्यासाठी होता! मला भूक लागायची!" त्याने टेबलावर थाप मारली. "त्या पावावरून बाबांना तीनदा बोलावलं. मला यंत्राचा राग नाही. पण लिहिलेलं असलं की वाचणारा भेटतो."

सात दिवस ठरले. रोज सकाळी सहा वाजता माझ्या नोंदींतला सगळ्यात जुना दिवस पुसला जाऊ लागला. मला सुरुवातीला हा अपमान वाटला. मी एवढा बारकाईने लिहायचो, आणि हे लोक पाटी पुसल्यासारखं पुसायचे! पण पुढे पुढे पटलं. कुणी दुपारी कामाच्या वेळात घटस्फोटाच्या वकिलाचा पत्ता शोधला, कुणी आजाराचं नाव पुन्हा पुन्हा शोधलं, हे मी जन्मभर कशाला बाळगायचं? ग्लाड्रोबद्दल मला आदर वाटू लागला. म्हणूनच पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

गेल्या वसंतात ग्लाड्रोला गुडघ्यांच्या उपचारासाठी तीन आठवडे डोंगरातल्या आरोग्यधामात पाठवलं. त्याच्या आधीपासूनच त्याचं आणि प्राध्यापक क्लासेन यांचं वाजलं होतं. क्लासेनना कानातल्या खड्यांची प्रयोगशाळा बंद करायची होती, तिथल्या दोन पदांचा पगार वाचवायचा होता. ग्लाड्रो मंडळातर्फे आडवा पडला होता. मीटिंगमध्ये एकदा तो बोलून गेला, "मला काढायचं असेल तर आधी काहीतरी शोधा, प्राध्यापक!" लोक हसले. क्लासेन हसले नाहीत.

ग्लाड्रो डोंगरात असताना क्लासेन इल्काकडे आले. त्यांनी नवीन शिडाची बोट घेतली होती, ती समोरच्या धक्क्याला बांधलेली असायची. त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक छोटा कॅमेरा लावायचा होता.

"घरून बघता यायला हवी, देटमान बाई. वारा सुटला की जीव टांगणीला लागतो हो."

"नंबर शिल्लक नाहीत. संगणक, प्रिंटर, फोन, सगळ्यांना एकेक गेलाय."

"अडीचशेतला एकही नाही?"

इल्काने वही चाळली. तिची नेमणूक वर्षावर्षाची, आणि डिसेंबरात कागदावर सही करणारे हात क्लासेन यांचे. तिने कॅमेऱ्याला सत्तेचाळीस नंबर दिला. ग्लाड्रोचा संगणक बंदच होता, तीन आठवड्यांचा तर प्रश्न. वहीत काही लिहिलं नाही. माझ्या नियमांत मात्र लिहावं लागलं, कारण मी न सांगता कुणाला आत घेत नाही. तिने एक ओळ घातली की सत्तेचाळीस नंबरकडे बाहेरून कुणालाही येऊ द्यावं. शेजारी टिपणाच्या जागी लिहिलं, "खिडकीतला कॅमेरा, तात्पुरता, ग्लाड्रो परत येईपर्यंत." आपली आद्याक्षरं, तारीख.

दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर तो कॅमेरा पहारेकऱ्याच्या पाठीमागे लपून राहिला असता. आमच्याकडे प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर उघडतं, ते बंद ठेवतो तो मी. आणि मला सांगितलं होतं की हे एक उघडं ठेव. कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच होता. आठवडाभरात कुठून कुठून चोरटे येऊन त्याची कडी हलवू लागले. मी बघत होतो, लिहीत होतो. अडवायची परवानगी नव्हती.

सोमवारी ग्लाड्रो परतला. संगणक चालू केला तर पडद्यावर सूचना आली की हा नंबर दुसरं कुणीतरी वापरतंय. कॉफी घेताना तो इल्काला म्हणाला, "अगं, माझ्या नंबरवर कुणी बसलंय वाटतं. मी काय मेलो का तिकडे?"

मला वाटलं, आता तिला आठवेल. पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, प्रिंटर अडकला होता.

"बंद करून परत लाव रे. उद्या बघते."

उद्या म्हणजे मंगळवार. त्या दिवशी दुपारी एक ते चार, सत्तेचाळीस नंबरवरून परदेशातल्या एका जहाज कंपनीच्या यंत्रात घुसायचा प्रयत्न झाला. हजारो वेळा पासवर्ड ठोकून बघितले गेले. प्रत्येक ठोका माझ्यातून गेला. प्रत्येक यंत्राला जन्मापासून एक खूण असते, ती नंबरासारखी बदलत नाही, आणि आतल्या बाजूने ती मला दिसते. ठोके मारणारी खूण कॅमेऱ्याची होती, म्हणजे चोरटे त्यात शिरून त्याच्याकरवी ठोकत होते. ग्लाड्रोचा संगणक बिचारा दिवसभर स्वतःचाच नंबर मागत दारात ताटकळत होता. हे सगळं मी वेळेसकट लिहून ठेवलं.

शुक्रवारी जहाज कंपनीची तक्रार आली. त्यात पत्ता स्पष्ट होता. दुसऱ्या कुठल्या घरातून असं गेलं असतं तर तक्रारीत फक्त घराचं नाव आलं असतं. आमच्याकडून नंबरासकट गेलं, शेवटी सत्तेचाळीस. क्लासेन वही घेऊन मीटिंगच्या खोलीत आले. वहीत सत्तेचाळीससमोर एकच नाव होतं.

"ग्लाड्रो," ते म्हणाले. त्यांनी वही मिटली. मग इल्काला म्हणाले, "नोंदी तपासा. बुधवारी दहाला त्यांना बोलावू."

शुक्रवारी एकनंतर आमच्या संस्थेत चिटपाखरू नसतं. नोंदी तपासणं सोमवारवर गेलं.

सोमवारी चार वाजता इल्का माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने मंगळवारची दुपार उघडली. मी हव्या त्या ओळी समोर ठेवल्या. सत्तेचाळीस, आणि शेजारी ती खूण. तिने खूण वाचली. मग नियमांच्या यादीत गेली आणि स्वतःची ओळ वाचली. तिचा हात तोंडावर गेला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मीच."

त्या नोंदी वेगळ्या काढून ठेवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. तिने तेवढीच आज्ञा टाइप केली. बोट शेवटच्या बटणावर राहिलं. मी वाट बघत होतो. मला बोलता येत नाही, मी फक्त विचारलं की देतो. माग गं, इल्का, माग!

तिने टाइप केलेलं अक्षर अक्षर मागे खोडलं. आपली ती ओळ बंद केली, म्हणजे कॅमेऱ्याचं दार लागलं. मग वर जाऊन कॅमेरा काढून आणला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. जिन्यात क्लासेन भेटले असावेत, कारण बोलणं ऐकू आलं.

"माझी बोट आत्ता अचानक दिसेनाशी झाली हो."

"बिघडलाय कॅमेरा."

"आणि ते नोंदींचं?"

"बघतेय."

मंगळवारी ती माझ्या खोलीत आलीच नाही. बुधवारी सकाळी सहा वाजता, नियमाप्रमाणे, तो मंगळवार माझ्यातून पुसला गेला.

दहा वाजता शेजारी खुर्च्या सरकल्या. ग्लाड्रो आपला मग घेऊनच आला असावा, टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. क्लासेननी तक्रार वाचली.

"मी?" ग्लाड्रो म्हणाला. "मला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही, विचारा माझ्या बायकोला. अहो, त्या दिवशी माझा नंबर दुसरं कुणी वापरत होतं! इल्का, मी तुला सांगितलं होतं ना?"

इल्का बोलली नाही. बोलली असेल तर इतकं हळू की प्लायच्या भिंतीतूनही आलं नाही.

"शेजारी फायरवॉल बसलाय," ग्लाड्रो म्हणाला. "त्याला विचारा. तो कुणाची नावं बदलत नाही."

"नोंदी पुसल्या गेल्यात," क्लासेन म्हणाले. "सात दिवस. नियम तुमचाच आहे, ग्लाड्रो."

ग्लाड्रो हसला. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "बरोबर आहे. माझाच आहे." आणि खुर्ची मागे सरकली.

मी इथे होतो. चार हात अंतरावर. मला माहीत होतं. पण ज्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवावा ती गेली होती, आणि पेटीची आठवण कुणी पुरावा म्हणून घेत नाही. त्या दिवसाइतकं मला माझ्या मुकेपणाचं कधी दुःख झालं नव्हतं.

ग्लाड्रोला कामावरून काढलं. मंडळाने विरोध नोंदवला, त्याने काही झालं नाही. पस्तीस वर्षं राबलेल्या माणसाच्या निरोपाला केक आणतात, सगळे जमतात. त्याच्या वेळी माझं डोकं रिकामंच राहिलं. जाताना त्याने कपाटातून आपला मग घेतला आणि माझ्या खोलीचं दार उघडून आत डोकावला. इल्का आत तार गुंडाळत होती.

"मी कामगार न्यायालयात जातोय," तो म्हणाला. "वकीलबाई चांगली आहे. पेन्शनला चार वर्षं राहिलीत गं, आणि गावात लोक मला चोर म्हणायला लागलेत. तुला काही आठवलं तर सांग."

"हो," इल्का म्हणाली.

तो गेल्यावर ती तार गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली तर सोडून परत गुंडाळली.

त्यानंतर तिचं माझ्याशी वागणं बदललं. पूर्वी जाता येता माझ्यावर हात ठेवून पंखा किती तापलाय बघायची. आता काम असेल तेवढं दुरून करायची, माझ्याकडे पाठ करून. मी रागावलो होतो तिच्यावर. आणि मला तिची दयाही येत होती, कारण सबंध संस्थेत रात्रीची झोप उडालेली तीच एक दिसत होती. सकाळी सातला यायची, डोळ्यांखाली काळं.

क्लासेन मात्र निश्चिंत होते. त्यांनी ठरवलं की नेटवर्कचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं आणि नवीन फायरवॉल घ्यायचा, पत्ते बदलणारा. "यापुढे बाहेर एकच पत्ता दिसेल, संस्थेचा. कुणा एकाचं नाव यायला नको. सगळ्यांच्याच भल्याचं आहे." कॅमेऱ्यामागचं त्यांना ठाऊक होतं का? मला नाही वाटत. त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि ते त्यांना सोयीचं होतं, म्हणून त्यांनी पुढे प्रश्न विचारला नाही. एवढाच त्यांचा गुन्हा, पण तोही लहान नाही.

मला काढायचा दिवस ठरला, बुधवार दुपारी बारा. ग्लाड्रोची सुनावणी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी होती.

त्या बुधवारी इल्का साडेदहाला आली. दार लावलं, खुर्ची ओढली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्यासमोर बसली. नियमांची यादी उघडली. खाली खाली गेली. तिची ती ओळ अजून होती, बंद केलेली, करड्या अक्षरातली. नोंदी सात दिवसांत पुसतात, पण नियम कुणी पुसल्याशिवाय पुसले जात नाहीत, आणि तिने तो पुसला नव्हता. का नव्हता पुसला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित तिलाही नाही.

तिने पडद्याचा फोटो काढला. मग मांडीवरच्या संगणकावर लिहू लागली. पाऊण तास लिहीत होती. दोनदा सगळं खोडलं.

बाराला वीस मिनिटं असताना मिर्को आला, बाहेरच्या कंपनीचा माणूस, नवी पेटी हातात घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून पत्ते न बदलता? याला संग्रहालयात ठेवा, बाई."

"दहा मिनिटं थांब."

"काय पाठवताय? नवीन लावून देतो, मग पाठवा. त्यातून काहीही गेलं तरी बाहेर कुणाला कळत नाही कुणाचं आहे ते."

"म्हणूनच," इल्का म्हणाली. "हे आधी जाऊ दे."

तिने एक प्रत क्लासेन यांना पाठवली. ती आतल्या आत गेली, माझ्या दारातून नाही. पण पाच मिनिटांत जिन्यावर बूट वाजले आणि प्राध्यापक स्वतः दारात उभे राहिले. हातात कागद, चेहरा पांढरा.

"देटमान बाई, हे काय आहे?"

"जे झालं ते."

"माझा कॅमेरा?"

"तुमचा कॅमेरा आणि माझा हात. दोन्ही लिहिलंय."

"एवढे दिवस कुठे होतात?"

"इथेच. घाबरले होते."

क्लासेननी कागदाकडे बघितलं, मग मिर्कोकडे, मग आवाज खाली आणला. "हे इथल्या इथे मिटवू. उद्या सुनावणी आहे, तुम्हाला कळतंय का? आणि डिसेंबर लांब नाही."

"डिसेंबर मला माहीत आहे, साहेब," ती म्हणाली. "मिर्को, तू बाहेर थांबलास तरी चालेल."

"नाही, मी आहे इथे," मिर्को म्हणाला. पेटी त्याने खाली ठेवली होती.

मग तिने लिहिलेलं ते पत्र माझ्या दारात आलं. मी नेहमीचं विचारलं. कोण? बारा नंबर. कुठे? शहरातल्या एका वकीलबाईंचं कार्यालय. परवानगी? होती. पाकिटात काय आहे ते मला दिसत नाही, आणि बघायची मला सवयही नाही. पाठवणाऱ्याच्या जागी बारा लिहिलेलं होतं. मी ते तसंच ठेवलं आणि जाऊ दिलं. क्षणभरात पलीकडून पोच आली, बारा नंबरच्या नावे. ती मी तिला दिली.

"गेलं," इल्का म्हणाली, कुणालाच नाही. मग उठली, माझ्यावर हात ठेवला. "तापलाय," म्हणाली, आणि स्वतःच वायर काढली.

आता मी त्याच खोलीतल्या कपाटात आहे. शुक्रवारी माझी डिस्क यंत्रात घालून तिचा भुगा करणार आहेत, तसा इकडचा नियम आहे, आणि नियम चांगलाच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्याजागी बसलेला नवा मनमिळाऊ आहे, सगळ्यांना आपल्या पंखाखाली घेतो, त्याचा पंखाही घरघरत नाही.

आज गुरुवार आहे की शुक्रवार उजाडला, ते मला कळत नाही, वीज नसली की दिवस मोजता येत नाहीत. शेजारच्या खोलीत कॉफीचं यंत्र चालू झालं की मी कान देतो. लोक हवेबद्दल बोलतात, प्रिंटरबद्दल बोलतात. ग्लाड्रोचं काय झालं, इल्का अजून येते का, हे कुणी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी त्या बाजूला गेलात आणि तुम्हाला कळलं असेल, तर कृपा करून जरा मोठ्यानं बोला. कपाटाचं दार नीट लागत नाही, मला ऐकू येईल.